ककनमठचा शरदातला फोटो: घरून निघण्याआधी काय काय ठरवायचं

ग्वाल्हेरच्या आसपास शरदातला फोटो काढायचा, तर आधी डोक्यातली लाल-पिवळी पानं काढून टाकावी लागतात. आपल्याकडे झाडं आश्विनात पानं गाळत नाहीत, पानगळ माघ-फाल्गुनातली. शरदाचा रंग इथे जमिनीलगत असतो. कापलेल्या बाजरीची खुंटं, बांधावर रचलेला कडबा, ओढ्याकाठी पांढरे काशाचे तुरे (इथल्या बोलीत काँस) आणि पावसाने धुतलेली हवा. फोटोत शरद आणायचा म्हणजे हा जमिनीलगतचा पट्टा आणायचा, आणि त्याच्यावर उभं राहील असं काहीतरी शोधायचं.

त्या कामाला ककनमठसारखी दुसरी वास्तू जवळपास नाही. मुरैना जिल्ह्यात सिहोनिया गावाजवळ, सपाट शेतांच्या मधोमध, सुमारे ३० मीटर उंचीचा दगडी सांगाडा उभा आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात कच्छपघात राजा कीर्तिराजाने बांधलेलं हे शिवमंदिर. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या सास-बहू मंदिरात १०९३ सालचा शिलालेख आहे. कीर्तिराजाने सिंहपानीय इथे शिवाचं अद्भुत मंदिर उभारल्याचा उल्लेख त्यात येतो. सिंहपानीय म्हणजेच सिहोनिया. शिखराचं बाहेरचं कोरीव आवरण कधीच ढासळलं. आतला गाभा तेवढा, चुन्याशिवाय एकावर एक ठेवलेल्या दगडांचा, अजून टिकून आहे. त्यामुळे त्याची कड कुठेही सरळ नाही. दगड हवेत लटकल्यासारखे दिसतात, मधूनच आरपार आभाळ दिसतं. फोटोसाठी हीच गोष्ट सोन्यासारखी, आणि हीच फसवणारीसुद्धा.

दिवस कोणते

पाऊस आपल्या भागातून सप्टेंबरच्या अखेरीस माघार घेतो. तिथपासून साधारण दिवाळीपर्यंत हवा स्वच्छ असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून उत्तरेकडच्या भाताच्या काडाचा धूर वाऱ्याबरोबर खाली येऊ लागतो. त्यात फटाक्यांची भर पडते, रात्री थंड होतात, धूर जमिनीलगत बसून राहतो. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य क्षितिजाला टेकायच्या आतच २-३ अंशांवर विझून जातो. लाल तबकडीचा फोटो मिळतो, पण दगडावर ऊन पडत नाही. म्हणून दसरा ते दिवाळी हेच खरे दिवस. त्यातही पाऊस थांबल्यानंतरचा पहिला पंधरवडा हवेच्या दृष्टीने सर्वांत उत्तम, पण शेताच्या दृष्टीने तसा नाही.

या भागात खरिपाला बाजरी असते आणि ती माणसापेक्षा उंच वाढते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापणी चालते. न कापलेल्या शेताच्या मागे उभं राहिलात तर काय होईल, याचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा दीड मीटरवर, समोर १० मीटरवर २ मीटर उंच बाजरी: ती क्षितिजाच्या वर जवळजवळ ३ अंश झाकते. ३०० मीटरवरून ककनमठ सगळं मिळून ५.७ अंश उंच दिसतं. म्हणजे अर्धं मंदिर गेलं. तीच बाजरी ३० मीटरवर असेल तर एकच अंश जातो आणि चौथरा तेवढा झाकला जातो. हे कधी कधी बरंच, कारण कुंपण आणि माणसंही त्यात लपतात.

बाजरी निघाली की मोहरीच्या पेरणीआधी शेताला पाणी देतात. ते दोन-तीन दिवस नशिबाचे. शेतात उथळ पाणी साचलेलं असेल तर प्रतिबिंबासाठी तळं लागत नाही. कॅमेरा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणा, मग ३०० मीटर लांबच्या ३० मीटर उंच शिखराचं टोक तुमच्यापासून अवघ्या ३ मीटरवरच्या पाण्यात दिसतं. कॅमेरा दीड मीटरवर ठेवलात तर तेच टोक १५ मीटरवरच्या पाण्यात शोधावं लागतं, आणि तिथे बहुतेक चिखलच असतो. वाकायचा कंटाळा केला की प्रतिबिंब गेलं.

पिवळीधमक मोहरी हवी असेल तर शरदात जाऊ नका. ती पौषातली गोष्ट, आणि त्या वेळी इथे दाट धुकं असतं.

सूर्य कुठे असेल

खाली सिहोनियासाठीची वेळ आणि दिशा दिली आहे. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अंशांत. वेळेत एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक पडू शकतो.

१५ ऑक्टोबर: उगवतो ६:१६ ला, ९९ अंशांवर, मावळतो ५:५० ला, २६१ अंशांवर.
१ नोव्हेंबर: उगवतो ६:२६ ला, १०६ अंशांवर, मावळतो ५:३६ ला, २५४ अंशांवर.
१५ नोव्हेंबर: उगवतो ६:३६ ला, १११ अंशांवर, मावळतो ५:२८ ला, २४९ अंशांवर.

महिन्याभरात सूर्यास्त जवळजवळ १२ अंश दक्षिणेकडे सरकतो. ३०० मीटरवर उभं राहणाऱ्यासाठी हे रोजचे साधारण २ मीटर. म्हणजे एखाद्याने १५ ऑक्टोबरला जिथून मावळता सूर्य शिखरामागे धरला, तिथेच तुम्ही १ नोव्हेंबरला उभे राहिलात तर सूर्य ३५ मीटर बाजूला असेल. कुणी जागेचा पत्ता दिला तर तारीखही विचारून घ्या. तारखेशिवाय तो पत्ता कुचकामी.

या अक्षांशावर सूर्य तासाला जवळजवळ १३ अंश चढतो-उतरतो. उगवल्यावर अर्ध्या तासात तो ६ अंशांवर असतो, पन्नास मिनिटांत १०-११ वर. दगडावरचं मऊ ऊन एवढंच. साडेसातनंतर ककनमठ नुसतं करडं दिसतं.

बाजू निवडणं

यात नवशिके सर्वांत जास्त चुकतात, कारण सगळ्यांना आधी सूर्य मंदिराच्या मागे हवा असतो. काळी सावली आणि मागे नारिंगी आभाळ हा फोटो ककनमठचा निघतोही छान, कारण कड मोडकी आहे. पण त्यात दगड नाहीत, शेत नाही, शरद तर नाहीच. तो वैशाखातही तसाच येतो.

शरदासाठी ऊन बाजूने हवं. पाहण्याची रेषा आणि सूर्य यांच्यात ६० ते ८० अंशांचा कोन असला की प्रत्येक दगडाची सावली शेजारच्या दगडावर पडते आणि पोकळ्या खोल दिसतात. वरच्या दिशा पाहून हिशेब केला तर एक मजेदार गोष्ट निघते. १ नोव्हेंबरच्या सुमाराला सकाळी, ऊन दगडावर नीट पडतं तेव्हा, सूर्य १०९ अंशांवर असतो आणि संध्याकाळी तेवढ्याच उंचीवर २५१ वर. दोन्हींपासून सत्तर अंश मोजले की आपण येतो बरोबर मंदिराच्या दक्षिणेला. म्हणजे दक्षिणेकडच्या शेतात उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर सकाळी ऊन उजवीकडून येतं आणि संध्याकाळी डावीकडून. जागा एक आणि फोटो दोन, शिवाय उत्तरेचं आभाळ दोन्ही वेळा निळं. पहिल्यांदाच जाणाऱ्याने दुसरं काही न शोधता ही जागा धरावी.

अंतर किती, हे लेन्स ठरवते. सेन्सरवर मंदिर किती मिलिमीटर उंच येईल हे काढायचं सूत्र असं: लेन्सचे मिलिमीटर गुणिले मंदिराची उंची, भागिले अंतर. ३०० मीटरवरून ५० च्या लेन्सने ५ मि.मी. येतं. पूर्ण आकाराच्या सेन्सरची आडवी चौकट २४ मि.मी. उंच, म्हणजे मंदिर एक पंचमांश. शेताला मान द्यायचा असेल तर हे प्रमाण चांगलं. ८५ च्या लेन्सने एक तृतीयांशाहून थोडं जास्त भरतं. १५० मीटरवरून ३५ च्या लेन्सने ७ मि.मी., म्हणजे तीन दशांश. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २५ मि.मी.च्या बरोबरीचा असतो, त्याला १०० मीटरच्या आसपास जावं लागतं. तिथे तारेचं कुंपण आडवं येतं. मोबाइलवाल्यांनी तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तरच लांबून काढावा. नुसतं बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र दगडांची खीर करतं.

आणखी एक: कॅमेरा वर तिरपा करू नका. जवळून मान वर केली की उभ्या रेषा आत झुकतात. सरळ इमारतीत ते डोळ्याला लगेच खुपतं आणि आपण दुरुस्त करतो. ककनमठ मुळातच वेडंवाकडं आहे, त्यामुळे झुकलेलं कळत नाही, नुसतं काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं. कॅमेरा पाणसळीत ठेवा, खाली जास्तीची जमीन येऊ द्या, नंतर कापा.

दुपारची रेकी

फोटोच्या आदल्या दिवशी, निदान त्याच आठवड्यात, एक फेरी दुपारी मारा. उपग्रहाचा नकाशा अंतर आणि दिशा दाखवतो, पण विजेच्या तारा दाखवत नाही. बाजरी कापली की नाही तेही दाखवत नाही. दुपारी ऊन कडक असतं (ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच), फोटो काही येत नाही, म्हणून लक्ष कामावर राहतं.

नकाशावर मंदिराभोवती ३०० मीटरचं वर्तुळ काढा आणि रस्त्याने, बांधाने जमेल तेवढं त्यावरून फिरा. दर आठ-दहा मिनिटांनी थांबून मोबाइलने एक फोटो घ्या, त्यात जागेची नोंद आपोआप राहते. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी बघा. शिखराची बाह्यरेषा इथून कशी दिसते? ते चारी बाजूंनी सारखं नाही, कुठून निमुळतं तर कुठून ठोकळ्यासारखं दिसतं. तार किंवा खांब चौकटीत येतो का? पाच-दहा पावलांनी तो मंदिराबाहेर जातो का? समोरच्या शेतात काय आहे आणि ते दोन दिवसांनी तसंच राहणार आहे का? आणि अंधारात इथवर कसं पोचायचं?

अंतराचा पडताळा हाताने घ्या. हात ताठ पसरून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. एक डोळा मिटून तीन बोटं आडवी धरा. ती मंदिराच्या चौथऱ्यापासून जवळजवळ टोकापर्यंत पोचली, वर करंगळीपेक्षा कमी जागा उरली, की तुम्ही ३०० मीटरच्या आसपास आहात. मोबाइलचं होकायंत्र गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाचू नका, लोखंडाने ते १०-१५ अंश सहज भरकटतं. गाडीपासून लांब जाऊन, हवेत आठाचा आकडा काढून मग वाचा.

शेत कुणाचं ते विचारा. "भैयाजी, मेंड पर खड़े होकर फोटो खींच लें?" एवढं पुरतं, नाही कुणी म्हणत नाही. पण पेरलेल्या शेतातून तिपाईचे पाय रोवत गेलात तर पुढच्या माणसाला नक्की नाही म्हणतील. बांधावरूनच चाला. दिवस विंचूकाट्याचे आहेत, कापणीनंतर साप उंदरांच्या मागे बांधावर येतात. घोट्यावरचे बूट आणि चांगली बॅटरी हवीच, चपला घालून जाऊ नका.

मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. आवारात हातात कॅमेरा धरून फोटो काढायला अडचण नसते, तिपाई लावायची तर आधी परवानगी लागते. सूर्यास्ताला आवार रिकामं करायला सांगतात. ड्रोन परवानगीशिवाय बॅगेतूनही काढू नका. आपला बेत मुळात बाहेरच्या शेतातला असल्यामुळे यातलं बरंचसं आपल्याला लागू होत नाही, हा लांबून काढण्याचा आणखी एक फायदा.

सकाळचा क्रम

ग्वाल्हेरहून सिहोनिया साठेक किलोमीटर, अंधारात दीड-पावणेदोन तास धरा. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर पोचायचं, म्हणजे १ नोव्हेंबरला चारच्या आत लष्कर (ग्वाल्हेरचा जुना भाग) सोडायचं. "बेडई (डाळीच्या सारणाची पुरी) खाऊन निघू" म्हणणाऱ्याला बरोबर घेऊ नका, बेडई परतताना.

गाडीत एसी लावू नका, नाहीतर कॅमेऱ्याची बॅग डिकीत ठेवा. गार लेन्स दमट हवेत काढली की काच धुरकटते. बाहेर दहिवर पडतच असतं, म्हणून सुती फडकं खिशात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पुढची काच बॅटरीने तपासा. लेन्सवरचं दव कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसत नाही, घरी दिसतं.

तिपाई ओल्या मातीत रोवताना पाय दाबून बसवा आणि दोन मिनिटं थांबून पाणसळ पुन्हा बघा. मऊ जमिनीत एक पाय हळूहळू खचतो.

छिद्र (ॲपर्चर) एफ/८, आयएसओ १००, पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) ‘उन्हा’वर पक्का. आपोआपवर ठेवला की कॅमेरा सकाळचा केशरी रंग दोष समजून पुसून टाकतो. फोकस कुठे, तर ३५ च्या लेन्सला एफ/८ वर ५ मीटरवर. मग अडीच मीटरपासून मंदिरापर्यंत सगळं नीट येतं. ८५ च्या लेन्सला हेच अंतर ३० मीटर होतं, म्हणजे १५ मीटरच्या अलीकडचं सगळं पुसट. पुढे काशाचे तुरे हवे असतील तर दोन फोटो घ्या, एक तुऱ्यांवर फोकस करून, एक मंदिरावर, आणि घरी जोडा. मात्र तुरा वाऱ्यावर सतत हलतो. त्याच्यासाठी शटर १/१२५ च्या खाली नको, लागलं तर आयएसओ ४०० करा. सूर्योदयाच्या वेळी वारा बहुधा पडलेला असतो, आठनंतर उठतो. तुऱ्यांचं काम आधी उरका.

आभाळ आणि जमीन यांच्या उजेडातला फरक भरून काढायला बरेच जण अर्धी काळी काच लावतात. इथे ती लावू नका. शिखर क्षितिजाच्या बरंच वर जातं, काच त्याचा वरचा अर्धा भाग काळा करते आणि खालचा उजळ सोडते. त्याऐवजी तीन फोटो घ्या: एक नेहमीचा, एक दोन पायऱ्या गडद, एक दोन पायऱ्या उजळ. ध्रुवक काच (पोलरायझर) उत्तरेकडे पाहताना उपयोगी पडते, आभाळ गडद होतं आणि दहिवराची चमक कमी होते. पण ३५ पेक्षा रुंद लेन्सवर आभाळाचा एक कोपरा काळानिळा आणि दुसरा पांढुरका दिसतो.

नऊ-दहानंतर जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. ३०० मीटरवरून लांब लेन्सने काढलेले दगड पाण्याखाली असल्यासारखे येतात. तो लेन्सचा दोष नाही. दुरुस्तीला टाकू नका.

कोजागरी, आणि तिच्या आदली संध्याकाळ

वर्षातला सर्वांत चांगला फोटो या जागेला शरदात एकदाच मिळतो, आणि बहुतेक जण त्यासाठी एक दिवस उशिरा पोचतात.

पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो. क्षितिजावरचा धुरकटपणा ओलांडून शिखराच्या टोकापर्यंत, म्हणजे ५-६ अंश, चढायला त्याला जवळजवळ अर्धा तास लागतो. तोवर मंदिरावर अंधार झालेला असतो. चंद्राला एफ/८ वर १/६०-१/१२५ पुरतं, त्या वेळी दगडांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. दगड घेतले तर चंद्र पांढरा ठिपका होतो, चंद्र घेतला तर मंदिर गायब.

चतुर्दशीला चंद्र सूर्यास्ताच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी उगवतो. सूर्य मावळतीला टेकत असताना तो ६-८ अंशांवर, डोळ्याला पूर्ण गोल वाटावा असा असतो, आणि मंदिरावर शेवटचं तांबूस ऊन पडलेलं असतं. ३०० मीटरवरून शिखराचं टोक ५.७ अंशांवर. सगळं जुळून येतं. दोन्हींना एकच एक्सपोजर चालतं. दूध कोजागरीला आटवावं, फोटो चतुर्दशीला काढावा.

उभं राहायची जागा आता पश्चिमेला, पाठ मावळतीकडे. कोजागरीच्या सुमाराला चंद्र पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, पण नेमकी दिशा दर वर्षी काही अंशांनी बदलते. ती त्या तारखेसाठी ॲपमध्येच पाहायची. फोटोपिल्ससारखं कोणतंही ॲप चालेल. ॲपमधली चूक इथे होते: नकाशावरची चंद्रोदयाची रेषा म्हणजे चंद्र क्षितिजावर असतानाची रेषा. वर चढताना तो उजवीकडेही सरकतो, दर अंशाला साधारण अर्धा अंश. ५.७ अंशांवर येईतो तो ३ अंश दक्षिणेला गेलेला असतो, ३०० मीटरवर हे झाले १६ मीटर. म्हणून चंद्रोदयाच्या रेषेवर नाही, त्या रेषेपासून १६ मीटर डावीकडे, उत्तरेला उभं राहायचं. मावळता सूर्य टोकावर बसवायचा असेल तेव्हा उलट बाजूने पण हाच हिशेब: पूर्वेला उभे असाल तर सूर्यास्ताच्या रेषेपासून १६ मीटर उत्तरेला, वेळ सूर्यास्ताच्या २८ मिनिटं आधी. दोन्ही वेळा उत्तरेकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि सूर्य लांब लेन्समधून, डोळा लावायच्या खिडकीतून पाहू नका, पडद्यावर पाहा.

चंद्र किती मोठा दिसेल? अंतराला ११० ने भागा. ३०० मीटरवर तो २.७ मीटरच्या गोळ्याएवढा, ३० मीटरच्या शिखराजवळ बेताचा. ६०० मीटरवर ५.५ मीटर, पण तिथून टोक २.९ अंशांवर येतं आणि तेवढ्या खाली चंद्र धुरकट असतो. ४०० मीटर ही सुवर्णमध्याची जागा: टोक ४.३ अंशांवर, चंद्र ३.६ मीटर. लेन्स १३५ ते २००. रिकामी शेतं असतील तर ४०० घ्या, बाजरी उभी असेल तर ३०० वर या.

शटर अर्ध्या सेकंदापेक्षा लांबवू नका, २०० च्या लेन्समध्ये चंद्र तेवढ्यात सरकलेला दिसतो. तिपाईवर लेन्सची थरथर थांबवणारी सोय बंद करा, बटण बोटाने दाबण्याऐवजी २ सेकंदांचा टायमर लावा. चंद्र टोकाजवळून जाताना चार-पाच मिनिटंच जागेवर असतो. तेवढ्यात तिपाईसकट बांधावरून डावी-उजवीकडे सरकायला मोकळी जागा ठेवा. १० मीटर तरी. विहिरीच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की सरकता येत नाही.

एक अडचण हमखास येते. सूर्य पाठीशी असल्यामुळे तुमची आणि तिपाईची सावली थेट चौकटीत पडते. सूर्य ५ अंशांवर असताना माणसाची सावली १९-२० मीटर लांब असते. २०० च्या लेन्सने जवळची जमीन कापली जाते आणि ती सुटते. ५० च्या लेन्सने काढायचं असेल तर एखाद्या बाभळीच्या किंवा कडब्याच्या गंजीच्या सावलीत उभं राहा, म्हणजे तुमची सावली तिच्यात मिसळून जाईल.

कोजागरीची तारीख दर वर्षी १०-११ दिवस मागे येते आणि अधिक मास आला की तिथून पुढे उडी मारते. २०२३ मध्ये ती २८ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला. फोटोच्या दृष्टीने ही दोन वेगळी दृश्यं आहेत. पहिल्या आठवड्यात आली तर हवा काचेसारखी, बाजरी उभी, काश फुललेला. अखेरीस आली तर शेत मोकळं, कदाचित मोहरीचे कोंब, आणि चंद्राखाली धुराचा पट्टा. कॅलेंडर आणल्याबरोबर ती तारीख पाहून ठेवा आणि त्यावरून ३०० की ४०० मीटर हे ठरवा.

ढगांमुळे चतुर्दशी हुकली तर पुढची संधी त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. तोवर चंद्रोदय आणखी उत्तरेला गेलेला असतो, १० अंश सरकला तरी ३०० मीटरवर जागा पन्नास-बावन्न मीटरने बदलते. शिवाय हवा मळलेली. तेव्हा लांबचा हट्ट सोडून २०० मीटरवर या: टोक साडेआठ अंशांवर येतं, चंद्र तिथवर चढेतो धुरातून बाहेर आलेला असतो. आकाराने तो लहान, दोन मीटरच्या आतबाहेर दिसेल, पण स्वच्छ दिसेल. फक्त सूर्यास्तानंतरची दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, म्हणून त्या वेळी पौर्णिमेऐवजी चतुर्दशी, आणि शक्य असेल तर त्रयोदशीसुद्धा मोकळी ठेवा.

जागेवरून हलण्याआधी पडद्यावर फोटो पूर्ण मोठा करून शिखराची कड वरपासून खालपर्यंत एकदा फिरून बघा. मधली आभाळाची भोकं पांढरी फुटलेली नाहीत ना, तार राहिली नाही ना, टोक चौकटीला चिकटलं नाही ना. मग मोबाइलने पायाखालच्या जागेची नोंद घ्या आणि शेजारी तारीख, तिथी, लेन्स, समोरच्या शेतात काय होतं, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच शेतात तूर लावलेली असू शकते.